हिरड्यातलं जंतुनाशक द्रव्य शोधायचं तर: झाडापासून रेणूपर्यंत

दरवर्षी एमएस्सीची मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात, तेव्हा निम्म्यांच्या कागदावर एकच वाक्य असतं: 'अमुक वनस्पतीच्या अर्काचा जिवाणूंवर होणारा परिणाम'. चार महिन्यांनी पेट्री प्लेटचा फोटो येतो. मध्ये भोक, भोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल आणि खाली लिहिलेलं असतं, 'झोन १८ मिमी'. मी विचारते, हा गोल कशामुळे पडला? अर्कातल्या एखाद्या द्रव्यामुळे, नुसत्या आंबटपणामुळे, की ज्यात अर्क विरघळवला त्या द्रावकामुळे? बहुतेक जण गप्प होतात. दोष त्यांचा नसतो, हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलेलाच नसतो.

हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच घेते, हिरड्याचं. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करणं हे महादेव कोळी घरांचं हंगामी उत्पन्न आहे. म्हणजे झाड जवळचं आणि माल भरपूर. शिवाय या शोधात जितके चकवे असतात ते सगळे या एका फळात भेटतात. हिरडा नीट हाताळता आला की अडुळसा, निर्गुडी, बावची अवघड जात नाहीत.

आधी वापर नीट विचारा

'हे औषधी आहे' एवढ्यावर झाड निवडू नका. कोण, कशासाठी, कुठला भाग, कसा तयार करून वापरतं ते विचारा. हिरड्याच्या काढ्याने तोंड आल्यावर गुळण्या करतात, त्रिफळ्याच्या पाण्याने जखम धुतात. यातून तुमच्या प्रयोगाच्या तीन गोष्टी ठरतात. तयारी पाण्यातली आहे, तेव्हा पाण्यातला अर्क तपासायलाच हवा. जखमेसाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि तोंडासाठी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे जिवाणू रास्त ठरतात. वापर बाहेरून आहे, तेव्हा 'रक्तातल्या संसर्गावर औषध' असा दावा तुमच्या हाती लागणार नाही.

चीनच्या औषधसंशोधक तू यूयू यांच्या कामातला धडा इथे आठवावा. तो हिवतापाच्या औषधाचा शोध होता, जिवाणूंचा नव्हे, पण वाट हीच. एका वनस्पतीच्या उकळून काढलेल्या अर्काने भरवशाचा निकाल मिळत नव्हता. जुन्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. त्यावरून १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानावर ईथरमध्ये अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन या औषधाची वाट मोकळी झाली. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजीबाई 'उकळायचं नाही, थंड पाण्यात ठेवायचं' म्हणाली, तर ते शब्द तसेच्या तसे वहीत उतरवा.

ओळख पटवणं आणि गोळा करणं

निम्मी कामं इथेच वाया जातात. 'ब्राह्मी' म्हटलं की महाराष्ट्रात बरेच जण सेंटेला एशियाटिका देतात, पुस्तकातली ब्राह्मी मात्र बॅकोपा मोनिएरी. 'शंखपुष्पी' नावाखाली तीन-चार वेगळ्या वनस्पती चालतात. वावडिंगाच्या नावाने एम्बेलियाच्या दोन जाती बाजारात येतात. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणून प्रोजेक्ट सुरू करू नका.

हिरडा म्हणजे टर्मिनालिया चेब्युला. पानाच्या देठावर, पात्याच्या बुडाशी दोन बारीक गाठी दिसतात. फळ वाळलं की त्यावर पाच ठळक धारा उठतात. पान, फूल, फळ असलेली फांदी कागदात दाबून वाळवा, गोळा केल्याची जागा आणि तारीख लिहा आणि वनस्पती संग्रहालयात जमा करून क्रमांक घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, अशा ठिकाणी हे होतं. तो क्रमांक नसेल तर पुढची सगळी आकडेवारी कुठल्या झाडाची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

फळाची अवस्थाही लिहा. बाजारात बाळहिरडा, चांभारी हिरडा आणि सुरवारी हिरडा असे भाग पडतात ते पक्वतेप्रमाणे आणि आतली द्रव्यंही त्याप्रमाणे बदलतात. मी शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे दोन विद्यार्थिनींनी 'हिरड्याचा अर्क' तपासला आणि निकाल अजिबात जुळेनात. महिनाभर आम्ही माध्यमात, जिवाणूत, पिपेटमध्ये चूक शोधली. शेवटी दोघींच्या पिशव्या टेबलावर ओतल्या. एकीचे हिरडे काळे, सुरकुतलेले, मनुक्याएवढे. दुसरीचे पिवळट, मोठे, आत टणक बी असलेले. त्या दिवसापासून पिशवीवर अवस्था लिहिल्याशिवाय माल लॅबमध्ये घ्यायचा नाही, असा नियम केला.

अभयारण्यात परवानगीशिवाय काही तोडू नका आणि भीमाशंकरचा बराच भाग अभयारण्यात येतो. त्याबाहेरही गौण वनोपजावर वनहक्क कायदा, २००६ ने स्थानिक समाजाचा हक्क मानलेला आहे. गावकऱ्यांनी गोळा केलेला माल त्यांच्याकडून रास्त भावात विकत घ्या. साल आणि मूळ यांच्यावर काम टाळता येत असेल तर टाळाच. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाची कॅम्प्टोथेसिन नावाच्या कर्करोगावरच्या द्रव्यासाठी बेसुमार तोड झाली आहे.

अर्क

फळं सावलीत वाळवा, बी काढा, भरड दळा. ५० ग्रॅम पूड, ५०० मिली द्रावक, २४ तास हलवत ठेवायची, गाळायची आणि त्याच चोथ्यावर आणखी दोनदा. द्रावक क्रमाने घ्या: आधी हेक्झेन, मग एथिल अॅसिटेट, मग मेथनॉल, शेवटी पाणी. शिवाय थोड्या पुडीचा गावातल्या पद्धतीचा काढा वेगळा करा. नुसत्या पाण्यावर भिस्त ठेवली की तेलकट द्रव्यं सुटून जातात. बावचीतलं बाकुचिऑल, ज्याचा शोध १९६६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला, ते पाण्याच्या काढ्यात फारसं उतरणारच नाही.

द्रावक ४० अंशांखाली, कमी दाबावर उडवा. सॉक्सलेट हे अर्क काढायचं उपकरण सोयीचं वाटतं, पण त्यात अर्क तासन् तास उकळतो. कोरडा अर्क तोला, उतारा टक्क्यांत लिहा आणि छोट्या बाटल्यांत उणे २० अंशांवर ठेवा. एकच मोठी बाटली रोज काढून-घालून वापरली की टॅनिनं (फळातली तुरट द्रव्यं) हवेने बदलत जातात. बाटलीतला रंग गडद होताना दिसतो.

जिवाणू आणि जागा

हे काम घरी करायचं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब, सेफ्टी कॅबिनेट आणि वापरलेली प्रत्येक प्लेट १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) करण्याची सोय असेल तरच सुरुवात करा.

हॉस्पिटलमधून आणलेला अनोळखी जिवाणू पहिल्या दिवशी नको. प्रमाणित वाण घ्या (एटीसीसी म्हणजे ते पुरवणारा अमेरिकेतला संग्रह): स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३, ई. कोलाय एटीसीसी २५९२२, स्यूडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी २७८५३. या वाणांसाठी ठरावीक अँटिबायोटिकचे आकडे जगभर ठरलेले आहेत. ई. कोलाय २५९२२ वर जेंटामायसिनची एमआयसी (वाढ थांबवणारं सर्वात कमी प्रमाण) मिलीलीटरमागे ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम यायला हवी. तुमच्या प्लेटवर ती ८ आली, तर त्या दिवशी अर्काचा आकडा वहीत निकाल म्हणून उतरवू नका, आधी पद्धत दुरुस्त करा.

ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह, दोन्ही घ्या. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो आणि आत शिरलेलं द्रव्य ते पंपाने बाहेर फेकतात. वनस्पतींची पुष्कळ द्रव्यं स्टॅफिलोकॉकसवर चालतात आणि स्यूडोमोनासवर थिटी पडतात, ती यामुळे.

झोनवर किती विश्वास ठेवायचा

झोन चाळणीपुरता ठीक. पण द्रव्य आगरमधून (प्लेटमधल्या घट्ट माध्यमातून) किती पसरतं यावर त्याचा व्यास ठरतो. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू लांब जातो. तेलकट किंवा मोठा रेणू भोकाच्या काठाशीच बसतो, मग तो कितीही जालीम असो. दोन अर्कांचे झोन शेजारी ठेवून 'हा जास्त प्रभावी' म्हणता येत नाही. प्लेटवर द्रावकाचं भोक आणि अँटिबायोटिकची चकती हवीच, आगर ४ मिमी जाडीचं हवं. यावर जास्त वेळ घालवू नका, पुढे चला.

एमआयसी: इथे वेळ द्या

जिवाणूंची वाढ थांबवणारं सर्वात कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ती अशी काढा.

अर्क डीएमएसओ या द्रावकामध्ये मिलीलीटरला १०२.४ मिग्रॅ असा विरघळवा. तो कॅटायन-समायोजित म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पातळ माध्यमात) ५० पट पातळ करा, म्हणजे २०४८ मायक्रोग्रॅम झाले आणि डीएमएसओ २ टक्के. ब्रॉथमध्ये घातल्यावर गढूळ झालं, खाली साका बसला, तर ते लिहा आणि कमी प्रमाणापासून सुरू करा. पहिल्या खळग्यात हे २०० मायक्रोलीटर घाला. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकात १०० मायक्रोलीटर साधा ब्रॉथ. पहिल्यातले १०० दुसऱ्यात, नीट मिसळून त्यातले १०० तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत जा आणि शेवटचे १०० टाकून द्या. अकरावा खळगा जिवाणूंच्या वाढीसाठी, त्यात २ टक्के डीएमएसओ असलेला ब्रॉथ. बारावा जिवाणूंशिवाय. दुसऱ्या ओळीत डीएमएसओ नसलेला वाढीचा खळगाही ठेवा.

आता जिवाणू. ०.५ मॅकफार्लंडइतकी (हे गढूळतेचं प्रमाणित माप) गढूळता म्हणजे मिलीलीटरमागे साधारण १५ कोटी पेशी. ते १५० पट पातळ केलं की १० लाख. अर्काच्या प्रत्येक खळग्यात आणि वाढीच्या खळग्यांत यातलं १०० मायक्रोलीटर घाला. शेवटी मिलीलीटरमागे ५ लाख पेशी, अर्काचं प्रमाण १०२४ पासून २ मायक्रोग्रॅमपर्यंत आणि डीएमएसओ जास्तीत जास्त १ टक्का. ३५ अंशांवर १८ तास ठेवा. प्लेटवर घालण्याआधी त्याच मिश्रणाचे थेंब आगरवर टाकून पेशी खरोखर मोजा. गढूळतेवर डोळे मिटून विसंबलात की पेशी दसपट जास्त पडल्याचं कळतही नाही.

प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या जिवाणूंवर करा. एकाच दिवशी तीन ओळी लावल्या तर ती तीनदा केलेली खात्री होत नाही.

आकडा आल्यावर त्याला अर्थ द्यायचा. या क्षेत्रात सर्वसाधारणपणे असं मानतात की कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमखाली असेल तर तो लक्ष देण्याजोगा, शुद्ध द्रव्याची १० च्या खाली. अर्काची १००० च्या वर गेली की 'जंतुनाशक' शब्द वापरू नये. मिलीलीटरला ५० मिग्रॅ घेऊन 'उत्कृष्ट परिणाम' लिहिलेले शोधनिबंध मी पुष्कळ वाचले आहेत. त्या प्रमाणात साखरही जिवाणूंच्या वाढीवर काही ना काही परिणाम करेल.

हिरड्याचे चकवे

चांभारी हिरडा कातडं कमवायला जातो. त्यातली टॅनिनं कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधतात आणि कच्च्या कातड्याचं चामडं होतं. तीच टॅनिनं तुमच्या खळग्यात जिवाणूंच्या प्रथिनांना, ब्रॉथमधल्या प्रथिनांना आणि लोहालाही धरून बसतात. जिवाणूंची वाढ थांबते खरी, पण हे काम विशिष्ट ठिकाणी वार करणाऱ्या औषधासारखं नसतं. ते वेगळं काढायला चार तपासण्या करा.

पहिली, आम्लता. मिलीलीटरला १ मिग्रॅ अर्क घातलेल्या ब्रॉथचा पीएच मोजा. ७.३ च्या जागी ५.५ दिसला, तर पीएच सारखा करून पुन्हा एमआयसी काढा.

दुसरी, टॅनिन. मीठ घातलेलं जिलेटिनचं द्रावण अर्कात टाका, पांढरा साका पडला की टॅनिन आहे. मग अर्क पीव्हीपीपीच्या (टॅनिन धरून ठेवणाऱ्या) पुडीबरोबर हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण पुन्हा तपासा. परिणाम पूर्ण गेला तर तो बांधून घेणाऱ्या फिनॉलिक द्रव्यांचा होता. काही राहिला तर पुढे खोदण्यासारखं काहीतरी नक्की आहे.

तिसरी, पेरॉक्साइड. गॅलिक आम्लासारखी द्रव्यं ब्रॉथमध्ये हवेशी अभिक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि जिवाणू त्याने मरतात. एका ओळीत कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला, दुसरीत उकळून निकामी केलेलं कॅटालेज. पहिल्या ओळीत परिणाम नाहीसा झाला, तर मारणारं पेरॉक्साइड होतं.

चौथी, रंग. वाढ ओळखायला वापरतात तो रेझाझुरिन रंग जिवंत जिवाणूंमुळे निळ्याचं गुलाबी होतं. हिरड्याचा अर्क ते जिवाणूंशिवायही गुलाबी करू शकतो. म्हणून अर्काच्या प्रत्येक प्रमाणाचा एक खळगा जिवाणूंशिवाय ठेवा आणि शंका असेल तिथे खळग्यातला थेंब आगरवर टाकून दुसऱ्या दिवशी वसाहती पाहा.

परिणाम टॅनिनचा निघाला म्हणून मुलं हिरमुसतात. हिरमुसायचं कारण नाही. गुळणीत आणि जखम धुण्यात टॅनिनचा उपयोग खरा आहे आणि तो कशामुळे होतो ते तुम्ही दाखवलंत. फक्त त्याला पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक म्हणू नका.

द्रव्य वेगळं काढणं

प्रत्येक टप्प्यावर अर्काचे भाग पाडायचे, सगळ्या भागांची एमआयसी काढायची आणि ज्यात जोर आहे तोच भाग पुढे न्यायचा. टीएलसीवरची बायोऑटोग्राफी (पातळ थराच्या पट्टीवर द्रव्यं वेगळी करून त्यांच्यावर थेट जिवाणू वाढवणं) यात फार उपयोगी पडते. सिलिका जेल ६० एफ२५४ ची पट्टी घ्या, टोल्युइन, एथिल अॅसिटेट, फॉर्मिक आम्ल, मेथनॉल ३:३:०.८:०.२ या प्रमाणात. पट्टी चालली की ती पूर्ण वाळू द्या. फॉर्मिक आम्लाचा अंश राहिला तर सगळ्या पट्टीवर जिवाणू मरतात आणि तुम्हाला वाटतं, केवढा हा अर्क! म्हणून एक कोरी पट्टीही त्याच द्रावकात चालवा. वर जिवाणू मिसळलेलं कोमट मऊ आगर ओता, रात्रभर दमट डब्यात ठेवा, सकाळी एमटीटी (जिवंत जिवाणूंमुळे जांभळं होणारं द्रव्य) फवारा. जांभळ्या पट्टीवर जिथे फिकट ठिपका उरतो, तिथे तुमचं द्रव्य. शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर फेरिक क्लोराइड फवारलं आणि तोच ठिपका निळा-काळा झाला, तर ते फिनॉलिक आहे.

हिरड्यात काय भेटेल याचा अंदाज आधीच आहे. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर चालणारी हिरड्यातली द्रव्यं वेगळी केली, ती गॅलिक आम्ल आणि त्याचं एथिल एस्टर निघाली. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ऋण पद्धतीत १६९ दिसलं तर गॅलिक आम्ल, ६३३ कोरिलाजिन, ९५३ चेब्युलाजिक आम्ल, ९५५ चेब्युलिनिक आम्ल असण्याची शक्यता मोठी. हे आधी तपासलं की माहीत असलेलंच द्रव्य पुन्हा 'शोधण्यात' वर्ष जात नाही. अल्कोहोलात अर्क काढला असेल आणि एथिल किंवा मिथाइल गॅलेट मिळालं, तर ते फळातलं की तुमच्याच द्रावकाने तयार केलेलं, हे पाण्याच्या अर्काशी ताडून पाहा.

मग हिशेब करा. समजा अर्काची एमआयसी २५६ आहे आणि त्यात गॅलिक आम्ल ५ टक्के. म्हणजे त्या खळग्यात गॅलिक आम्ल जेमतेम १३ मायक्रोग्रॅम. बाजारातलं शुद्ध गॅलिक आम्ल आणून त्याची एमआयसी त्याच प्लेटवर काढा. ती कितीतरी जास्त आली, तर खरा कर्ता दुसरा कुणी आहे किंवा दोन द्रव्यं मिळून काम करतात. दारुहळदीच्या कुळात असंच आढळलं. त्यातलं बर्बेरीन हे द्रव्य एकटं दुबळं, कारण जिवाणू ते पंपाने बाहेर फेकतो. त्याच झाडातलं दुसरं द्रव्य तो पंप अडवतं. २००० मध्ये हे प्रसिद्ध झालं. वेगळं करता करता जोर नाहीसा झाला, तर भाग पुन्हा एकत्र मिसळून बघा.

जे द्रव्य जिवाणूला मारतं ते आपल्या पेशींनाही मारत नाही ना, हे रक्तपेशी फुटण्याच्या चाचणीवर आणि व्हेरोसारख्या (लॅबमध्ये वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या) पेशींवर तपासा. एमआयसीच्या दुप्पट प्रमाणात पेशी मरत असतील तर ते द्रव्य तिथेच थांबवावं, असं माझं मत आहे.

कागदपत्रं आणि गाव

जैवविविधता कायदा २००२ चा आहे, २०२३ मध्ये दुरुस्त झालेला. कॉलेजातला अभ्यास वेगळा. पण पेटंट, कंपनीशी करार किंवा परदेशातल्या लॅबला नमुना पाठवणं यातलं काहीही डोक्यात असेल, तर आधी नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारणा करा आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला भेटा.

काम संपलं की एका पानावर मराठीत निकाल लिहा आणि ज्या मावशींनी, बाबांनी झाड दाखवलं, वापर सांगितला, त्यांना वाचून दाखवा. काय आढळलं आणि काय तपासलंच नाही, दोन्ही सांगा. आमच्या एका विद्यार्थ्याने असं वाचून दाखवल्यावर तिथल्या आजी म्हणाल्या, "अरे, पण गुळणीला आम्ही बाळहिरडा घेतच नाही, मोठा घेतो." तो पुढच्या हंगामात मोठे हिरडे घेऊन आला आणि पिशवीवर अवस्था, जागा, तारीख त्याने तिथेच, झाडाखाली लिहिली होती.